मंत्रातला 'त्र' कुठला? एका गुरुजींच्या प्रश्नाला उत्तर

तासगावकडच्या एका प्राथमिक शिक्षकांनी विचारलं आहे: "गणपतीत प्रवचनाला ऐकलं की मंत्र म्हणजे मनाला तारतो तो. दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितलं तर सातवीतली एक मुलगी म्हणाली, मग मंत्री म्हणजे मनाला तारणारा माणूस का? मला उत्तर देता आलं नाही. हा शब्द मुळात आला कुठून? मंत्री त्यातलाच का? आणि अर्थ न कळता म्हटलेल्या मंत्राला मंत्र म्हणावं का?"

गुरुजी, आधी त्या मुलीला शाबासकी द्या. जिथे बोट ठेवायला हवं नेमकं तिथेच तिने ठेवलं आहे. मी वाईला तीस वर्षं संस्कृत व्याकरण शिकवते. 'मंत्र' शिकवताना मी सुरुवातच 'मंत्री'पासून करते, कारण 'मनाला तारणारा' हा अर्थ मंत्री, आमंत्रण, निमंत्रण यांच्यापाशी येऊन अडतो. एका शब्दाची फोड त्याच्या सख्ख्या भावंडांना लागू पडत नसेल, तर फोड पुन्हा तपासावी.

सरळ उत्तर असं. धातू 'मन्'. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे गणवार लावलेल्या धातूंच्या यादीत, तो दोन ठिकाणी भेटतो: दिवादी गणात 'मन ज्ञाने' आणि तनादी गणात 'मनु अवबोधने'. जाणणं, विचार करणं, मनात धरणं. मन, मत, मती, मनन, मीमांसा हे सगळं गोत त्याचंच. त्याला 'ष्ट्रन्' प्रत्यय लागतो. त्यातले ष् आणि न् खुणेपुरते असतात, ते गळाले की 'त्र' उरतो. हा 'त्र' साधन दाखवतो. ज्याच्या साह्याने मनन करायचं, तो मंत्र.

हा 'त्र' वर्गात कसा शिकवायचा ते सांगते, कारण तुमच्याकडे शेतकऱ्यांची मुलं आहेत आणि त्यांना तो शहरातल्या मुलांपेक्षा लवकर कळेल. पाणिनीचं एक सूत्र आहे, 'दाम्नीशसयुयुजस्तुतुदसिसिचमिहपतदशनहः करणे'. पाठ करताना जीभ अडखळते, पण उलगडलं की अवजारांची खोलीच उघडल्यासारखं वाटतं. 'दा' म्हणजे कापणं, कापायचं साधन दात्र, म्हणजे विळा. 'युज्' म्हणजे जुंपणं, त्याचं साधन योक्त्र. हाच शब्द प्राकृतात जोत्त झाला आणि आपल्याकडे जोतं होऊन बैलाच्या मानेला आला. 'तुद्' म्हणजे टोचणं, त्याचं तोत्त्र, म्हणजे बैल हाकायची पराणी. 'सिच्' म्हणजे शिंपणं, त्याचं सेक्त्र. 'शस्' म्हणजे कापणं, त्याचं शस्त्र. 'नी' म्हणजे नेणं, त्याचं नेत्र, कारण डोळाच माणसाला पुढे नेतो. आणि याच यादीत, विळा आणि पराणीच्या मधोमध, 'स्तु' धातू बसला आहे: स्तुतीचं साधन ते स्तोत्र.

'मन्' या सूत्राच्या यादीत नाही. त्याच्यासाठी उणादी या पुरवणीवजा सूत्रसंग्रहातलं 'सर्वधातुभ्यः ष्ट्रन्', म्हणजे सगळ्या धातूंना ष्ट्रन्, हे सूत्र घ्यावं लागतं. पण साचा तोच. विळ्याने कापायचं, पराणीने हाकायचं, मंत्राने मनन करायचं. मुलांना फळ्यावर एका बाजूला अवजारं आणि दुसऱ्या बाजूला धातू लिहून द्या आणि जोड्या लावायला सांगा. मंत्र शेवटी ठेवा.

आता प्रवचनकारांच्या अर्थाकडे येते. 'मननात् त्रायते इति मन्त्रः', मनन केल्याने जो रक्षण करतो तो मंत्र. हे त्यांनी पदरचं सांगितलेलं नाही. तंत्र आणि आगमाच्या परंपरेत हे निर्वचन जुनं आहे आणि आदराचं आहे. उपासक ज्या अनुभवाने मंत्राकडे जातो तो त्यात नेमका आला आहे. निर्वचन शब्दातून अर्थ फुलवून दाखवतं; व्युत्पत्ती शब्द कसा घडला ते दाखवते. गोंधळ होतो तो पहिलं दुसऱ्याच्या जागी ठेवलं की.

'त्र' इथे रक्षणाचा नाही हे कशावरून, असं माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी दरवर्षी विचारतंच. पुरावा स्वरात आहे, म्हणजे वेद म्हणताना अक्षर कोणत्या उंचीवर म्हणायचं त्यात: उंच तो उदात्त, खालचा अनुदात्त, उंचावरून उतरणारा स्वरित. औंधच्या स्वाध्याय मंडळाने, म्हणजे पंडित सातवळेकरांच्या संस्थेने, छापलेली ऋग्वेदसंहिता मी समोर ठेवते. तिच्यात अनुदात्त अक्षराखाली आडवी रेघ असते, स्वरितावर उभी रेघ असते आणि उदात्त कोरा असतो. दहाव्या मंडलाचं शेवटचं सूक्त उघडायचं, 'समानो मन्त्रः' या शब्दांवर बोट ठेवायचं. 'मन्' कोरा आहे, 'त्रः'खाली रेघ आहे. म्हणजे उदात्त पहिल्या अक्षरावर. ष्ट्रन् मधला तो गळालेला न् हेच सांगत असतो की शब्दाचा उदात्त आरंभी येईल. याच जागी 'त्रै' म्हणजे रक्षण करणं हा धातू धरून 'मन' आणि 'त्र' असा उपपद समास केला असता, तर उदात्त शेवटी 'त्र'वर गेला असता. हजारो वर्षं पाठकांनी तो पहिल्याच अक्षरावर ठेवला आहे. कागद नव्हता, छापखाना नव्हता. गळ्याने राखून ठेवलेली ती खूण आजही आपल्याला व्युत्पत्ती सांगते, याचं मला अजूनही भरून येतं.

यास्काचार्यांनीही हेच एका ओळीत सांगून ठेवलं आहे. निरुक्त या वैदिक शब्द उलगडणाऱ्या त्यांच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात ते म्हणतात, 'मन्त्रा मननात्'. मननामुळे मंत्र. रक्षणाचा शब्द तिथे येत नाही.

ऋग्वेदाच्या ऋषींना स्वतःला मंत्र काय वाटत होता? पहिल्या मंडलात अग्नीच्या एका सूक्तात शब्द आहेत, 'हृदा यत् तष्टान् मन्त्राँ अशंसन्'. हृदयाने 'तष्ट' केलेले मंत्र त्यांनी म्हटले. हा 'तष्ट' मला पुस्तकातून कळला नव्हता. मी शिकत होते तेव्हा आमच्या शास्त्रीबुवांच्या वाड्यात माडीची तुळई बदलायचं काम चाललं होतं. अंगणात सुतारदादा सागवानी ओंडक्यावर वाकसाने तासत बसले होते, ढलपे आमच्या वह्यांपर्यंत उडत होते. मी 'तष्ट'चा अर्थ कोशातून वाचून दाखवला, 'घडवलेले'. शास्त्रीबुवा मान हलवेनात. त्यांनी एक ढलपा उचलून माझ्या वहीवर ठेवला आणि म्हणाले, "तक्ष् धातू. तासणे. त्यांचा वाकस लाकडावर चालतो, ऋषीचा शब्दावर. नको ते उडून गेलं की उरतो तो मंत्र." आपल्या मराठीत 'तासणे' हे क्रियापद त्याच 'तक्ष्'पासून आलं आहे. तेव्हापासून मंत्र म्हटलं की मला आधी ओल्या सागाचा वास येतो.

ऋषी मंत्र पाहतात, म्हणून ते मंत्रद्रष्टे, असं आपण म्हणतो. ते खरंच. पण पाहिलेलं तासून घडवावं लागतं, हेही त्याच ऋषींनी सांगितलं आहे. आणि या द्रष्ट्यांत बाया आहेत, हे तुमच्या वर्गातल्या मुलींना जरूर सांगा. लोपामुद्रा, अपाला, घोषा, वाक् आम्भृणी. दहाव्या मंडलातलं १२५ वं सूक्त वाक् आम्भृणीचं आहे. मी शिकायला लागले तेव्हा 'बाईने मंत्र म्हणावा का' असं मला पुष्कळांनी विचारलं. मी त्यांना हा क्रमांक सांगत असे.

मंत्र्याकडे वळू. तो मनाला तारणारा नव्हे; तो मसलतीतला माणूस. धातुपाठात 'मत्रि गुप्तपरिभाषणे' असा वेगळा धातूही दिला आहे. गुप्तपणे बोलणं, खलबत करणं. मन् पासून मंत्र, मंत्रापासून मंत्रयते, म्हणजे विचारविनिमय करतो, आणि असा विचार ज्याच्यापाशी आहे तो मंत्री. मंत्रणा, आमंत्रण, निमंत्रण, अभिमंत्रित हे सगळे याच वळणाचे. आमंत्रण आणि निमंत्रण आपण एकाच अर्थाने वापरतो, पण वैयाकरणांनी त्यात फरक केला आहे: आमंत्रण आलं तर यायचं की नाही हे तुमच्या इच्छेवर, निमंत्रण मात्र टाळता येत नाही. लग्नपत्रिका लिहिताना मी अजून यावर अडते.

मसलतीचा हा अर्थ मागाहून चिकटलेला नाही. वर जे 'समानो मन्त्रः' सांगितलं, ते पूर्ण वाचा: 'समानो मन्त्रः समितिः समानी समानं मनः सह चित्तमेषाम्'. यांचा मंत्र एक असो, समिती एक असो, मन एक असो. ऋग्वेद जिथे संपतो तिथे मंत्र म्हणजे दहा माणसांनी एकत्र बसून केलेला विचार आहे. देवाला म्हटलेली ऋचा आणि माणसांची मसलत, दोन्हींना एकच शब्द, कारण दोन्हीकडे काम एकच: मनातलं शब्दांत नीट धरायचं.

कौटिल्य तर म्हणतो, 'मन्त्रपूर्वाः सर्वारम्भाः', कुठलंही काम आधी मसलत करून सुरू करावं. आणि मसलतीच्या जागी पक्षीसुद्धा नको, कारण पोपट आणि साळुंक्यांनी मंत्र फोडल्याचं ऐकिवात आहे, असंही त्याने लिहून ठेवलं आहे. एक जुनं सुभाषित आहे, 'षट्कर्णो भिद्यते मन्त्रः'. दोन माणसांचे चार कान, तिथवर मंत्र टिकतो; तिसरा आला की सहा कान होतात आणि मंत्र फुटतो. आपण रोज म्हणतो ना, गोष्ट षट्कर्णी झाली? ते इथून आलं. त्यात न दिसणारा 'मंत्र' शब्द आहे.

आपल्या मातीतला दाखला हवा असेल तर १६७४ च्या राज्याभिषेकानंतरचं अष्टप्रधानमंडळ घ्या. पूर्वीचे वाकनीस, त्यांचं नाव मंत्री झालं. दरबाराच्या रोजच्या नोंदी आणि आमंत्रण-निमंत्रणं त्यांच्याकडे. नाव निवडणाऱ्याला शब्दाचं गोत पक्कं ठाऊक होतं.

मुंजीत मात्र दोन्ही अर्थ एकत्र येतात, ते मला फार आवडतं. बाप आणि मुलगा एका उपरण्याखाली, बाप मुलाच्या कानात गायत्री सांगतो. चार कान. गायत्री ही ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातली विश्वामित्रांची ऋचा, आज ती कॅलेंडरवरही छापलेली असते, तिच्यात लपवण्यासारखं काही नाही. तरी कानातच सांगतात, कारण ती माणसाने माणसाला सोपवायची गोष्ट आहे. 'कानमंत्र' हा शब्द आपण ज्या मायेने वापरतो ती माया तिथून येते.

शब्द किती जुना? इथे एक अनुभव सांगते. पाचगणीच्या एका वृद्ध पारशी बाई पसरणीचा घाट उतरून दोन वर्षं माझ्याकडे संस्कृत शिकायला येत. पहिल्याच आठवड्यात 'मन्त्र' शब्द आला तशा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्यात याला मांथ्र म्हणतात." अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, खरंच तो शब्द आहे, याच अर्थाने, पवित्र वचन. त्यातल्या गाथांमध्ये पारशांचा प्रेषित जरथुष्ट्र स्वतःला मंत्र जाणणारा, मांथ्रन् म्हणवतो. आपल्या 'त्र'ला तिकडे 'थ्र' हे ठरलेलंच आहे: पुत्र तिकडे पुथ्र, मित्र तिकडे मिथ्र. दोन्हीकडे तोच धातू, तोच प्रत्यय, तोच अर्थ. म्हणजे इराणकडे गेलेले आणि इकडे आलेले लोक वेगळे होण्याआधीच हा शब्द घडलेला होता. त्या बाई नंतर प्रत्येक नव्या शब्दाला आपल्याकडचा जोडीदार शोधत. यज्ञाला यस्न, सोमाला हओम. मी त्यांना शिकवलं त्याहून त्यांनी मला जास्त दिलं.

'मंत्र संस्कृतच असला पाहिजे' अशी समजूतही पुष्कळांची आहे. सांगली-मिरजेच्या जैन घरांत रोज म्हटला जाणारा णमोकार प्राकृतात आहे, पाच ओळी, ३५ अक्षरं. तुकोबांना बाबाजींनी स्वप्नात दिलेला 'रामकृष्णहरि' तर कुठल्याही माळकऱ्याच्या तोंडी आहे. सज्जनगडावर चालणारा समर्थांचा त्रयोदशाक्षरी बोटांवर मोजून पाहा, तेरा भरतात. भाषेवरून मंत्र ठरत नाही.

तुमचा तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड, आणि तो अडीच हजार वर्षं जुना आहे. कौत्स नावाच्या आचार्यांचं मत यास्कांनीच नोंदवलं आहे: 'अनर्थका हि मन्त्राः', मंत्रांना अर्थच नसतो. शब्द बदलता येत नाहीत, क्रम बदलता येत नाही, मग अर्थाचा संबंध काय, असा त्यांचा मुद्दा. यास्कांनी एकेक मुद्दा घेऊन उत्तर दिलं आणि वर म्हणाले, आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा दोष नव्हे. पुढे ते आणखी कडक होतात: वेद पाठ करून ज्याला अर्थ कळत नाही, तो नुसता ओझं वाहणारा खुंट.

माझं मत यास्कांच्या बाजूचं, पण मी त्या ओझं वाहणाऱ्यांना खुंट म्हणणार नाही. पद, क्रम, जटा, घन असे, म्हणजे शब्द सुटे करून आणि पुढेमागे जोडून, पाठ करत ज्यांनी एकेक अक्षर पुढे दिलं, त्यांतल्या पुष्कळांना अर्थ येत नसेल. ते नसते तर वर दाखवलेला तो 'मन्'वरचा उदात्त आपल्याला कुठून मिळाला असता?

तरी अर्थ कळल्याने काय बदलतं, ते मंत्रपुष्पांजलीवर पाहा. गणपतीत ती सगळ्यांना येते. माझ्याकडच्या एका मुलाला मी 'एकराळिति' म्हणजे काय विचारलं. तो म्हणाला, "ते शेवटी जोरात म्हणायचं असतं." मी त्याला फोड करून दिली: एकराट् + इति. दोन स्वरांमध्ये आलेला ट् आधी ड् होतो आणि ऋग्वेद्यांच्या उच्चारात त्याचा ळ् होतो, तोच जो 'अग्निमीळे'मध्ये आहे. अर्थ: समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचा एकच राजा. हा भाग ऐतरेय ब्राह्मणातला, राज्याभिषेकाच्या प्रकरणातला आहे. म्हणजे काटेकोर भाषेत तो मंत्रभागातला नाही, ब्राह्मणभागातला आहे. मुलगा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे आम्ही गणपतीला राज्याभिषेक करतो?" त्या वर्षी त्याने ती निम्म्या वेगाने म्हटली. बाकीची मुलं पुढे निघून गेली, तो थांबत थांबत मागे राहिला.

गायत्रीचंही तसंच. तिच्या छंदात २४ अक्षरं हवीत, आपण म्हणतो तशी मोजली तर २३ भरतात. पहिल्या चरणात 'वरेण्यं' ऐवजी 'वरेणियं' असं मोजलं की आठ पूर्ण होतात. आणि मागणं काय आहे? धन नाही, आयुष्य नाही. 'धियो यो नः प्रचोदयात्', जो आमच्या बुद्धीला प्रेरणा देवो. 'नः', आमच्या, माझ्या एकट्याच्या नव्हे. मननाच्या साधनाने मननाचीच शक्ती मागितली आहे. हे एकदा कळलं की घाईत म्हणवत नाही.

शेवटी एक राहिलं. 'यशाचा मंत्र', 'आरोग्याचा मंत्र' असे मथळे रोज दिसतात, तो वापर शब्दाचा अपमान आहे का, असं मला पुष्कळ जण विचारतात, तुम्हीही कधीतरी विचाराल. सगळेच नव्हेत. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर गांधीजींनी 'करेंगे या मरेंगे' म्हटलं तेव्हा त्यांनी त्याला मंत्रच म्हटलं होतं, छोटासा मंत्र, हृदयावर कोरून ठेवा असं सांगून. वेदातला 'हृदा तष्ट' आठवा. पुढे आपल्या सातारा जिल्ह्यात, ज्यात तेव्हा तुमचं तासगावही होतं, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात तो लोकांनी जगून दाखवला.

माझी आजी कऱ्हाडजवळच्या एका खेड्यातली. त्या दोन-तीन वर्षांत रात्री उठून भाकऱ्या थापायची आणि उसात लपलेल्या पोरांना पोचवायची. तिला अक्षरओळख नव्हती. मी संस्कृत शिकायला लागल्यावर एकदा तिला कानमंत्र म्हणजे काय ते मोठ्या उत्साहाने समजावत होते, चार कान, सहा कान, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली, "आमाला गांधीबाबानं मंतर दिला व्हता. कानात न्हवं, समद्यांम्होरं."